चेकपॉइंट ३०० वरची पहाट: काय मोजायचं आणि कसं

इस्रायलच्या लष्करी ताब्यातल्या वेस्ट बँकेत, बेथलेहेमच्या उत्तर टोकाला, राहेलच्या कबरीजवळ, जेरुसलेमकडे जाणारा जुना रस्ता आठ मीटर उंच काँक्रीटच्या भिंतीपाशी संपतो. तिथे भिंतीला चिकटून लोखंडी गजांची एक लांब गल्ली आहे. दोन्ही बाजूंना गज, काही भागात वर पत्रा, आणि आत जेमतेम दोन-तीन माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहतील एवढी जागा. गल्लीच्या पुढे फिरतं दार, त्यापुढे मोकळं आवार, मग तपासणीची इमारत, आणि इमारतीच्या पलीकडे जेरुसलेमची बस. या सगळ्याला मिळून चेकपॉइंट ३०० म्हणतात. अरबीत नाक्याला 'हाजिझ', हिब्रूत 'माखसोम'.

आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात ते काम मिळावं म्हणून. इथे काम आधीच ठरलेलं असतं, मालक ठरलेला असतो, मजुरी ठरलेली असते. फक्त नाका ओलांडायचा असतो. हेब्रॉनच्या दक्षिणेकडच्या गावांतून पॅलेस्टिनी माणसं रात्री दोनला घरून निघतात आणि तीन-साडेतीनला गल्लीत उभी असतात, कारण सातला जेरुसलेममध्ये स्लॅबवर हजर व्हायचं असतं.

आमचं काम त्यांच्या शेजारी उभं राहून पाहायचं आणि लिहायचं. ही पद्धत आमची नाही. २००१ च्या सुरुवातीला तीन इस्रायली स्त्रियांनी 'माखसोम वॉच' सुरू केलं. त्यात आजही फक्त स्त्रियाच आहेत, पाळीने नाक्यांवर जातात आणि प्रत्येक पाळीचा अहवाल उघडपणे प्रसिद्ध करतात. २००२ मध्ये जागतिक चर्च परिषदेने देशोदेशीचे स्वयंसेवक तीन-तीन महिन्यांसाठी पाठवायला सुरुवात केली. मोजणीचं यंत्र हातात धरून पहाटे नाक्यावर उभं राहायची शिस्त आम्ही या दोन्ही मंडळींकडून शिकलो. पुढे लिहिलंय त्यातला पहाटेच्या रांगेचा भाग मुख्यतः ऑक्टोबर २०२३ पूर्वीचा आहे. त्यानंतर काय बदललं ते शेवटी येईल.

निघण्यापूर्वी

सामान थोडं लागतं, पण प्रत्येक वस्तू लागतेच. बोटाने दाबायचं मोजणीयंत्र, माणशी एक. काट्याचं किंवा साधं डिजिटल मनगटी घड्याळ. मोबाईलवर वेळ बघू नये, त्याचं कारण पुढे सांगतो. जाड पुठ्ठ्याची वही आणि शिसपेन्सिल. जानेवारीत बेथलेहेममध्ये पाऊस आणि कडाक्याची थंडी असते, पेनची शाई कागदावर पसरते, पेन्सिल टिकते. पासपोर्ट आणि व्हिसाची चिठ्ठी जवळ हवी. ओळखीचं जाकीट लांबूनही दिसलं पाहिजे, कारण आपण कोण आहोत हे रांगेतल्या माणसाला आणि टॉवरमधल्या सैनिकाला एकाच नजरेत कळायला हवं. कॅमेरा पिशवीत. आतल्या भागात फोटो काढू देत नाहीत, आणि एका फोटोपायी दार बंद झालं तर त्याची किंमत आपण नाही, रांग मोजते.

फोनमध्ये तीन प्रकारचे नंबर तोंडपाठ असल्यासारखे हाताशी हवेत: लष्कराच्या मानवतावादी मदतकक्षाचा, जिल्हा समन्वय कार्यालयाचा, आणि दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या आपल्या जोडीदाराचा.

मोबाईलच्या घड्याळाचं असं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी प्राधिकरण उन्हाळी वेळेसाठी घड्याळं वेगवेगळ्या दिवशी पुढे करतात. २०२३ मध्ये इस्रायलचं घड्याळ २४ मार्चला पुढे गेलं आणि पॅलेस्टिनी घड्याळ रमजान उलटल्यावर २९ एप्रिलला. पाच आठवडे भिंतीच्या अलीकडे पावणेचार आणि पलीकडे पावणेपाच. मोबाईल कुठल्या टॉवरचं सिग्नल पकडतो त्यावर तो वेळ दाखवतो, आणि नाक्यावर उभं राहिलं की तो दोन्हीकडे उड्या मारतो. अशा दिवसांत एकाच पाळीत एक जण बेथलेहेमची वेळ लिहितो आणि दुसरा जेरुसलेमची, आणि सगळी पाळी वाया जाते. म्हणून वहीच्या पहिल्या ओळीवर तारीख, वार, आणि कुठली वेळ हे लिहायचं. आम्ही नेहमी नाक्याची, म्हणजे इस्रायली वेळ लिहितो, कारण दार त्या वेळेवर उघडतं.

उभं कुठे राहायचं

दोघे किंवा तिघे लागतात. एक जण बेथलेहेमच्या बाजूला, गल्लीच्या तोंडापासून थोडं बाजूला, जिथून मुख्य रांग आणि शेजारचं मानवतावादी दार, म्हणजे स्त्रिया, मुलं, आजारी यांच्यासाठीचं दार, अशी दोन्ही दिसतात. दुसरा इमारतीच्या पलीकडे, जिथून माणसं बाहेर पडतात. तिसरा असला तर आत, ओळखपत्रांच्या खिडक्यांजवळ. पण तिथवर पोचायला त्यालाही रांगेतूनच जावं लागतं, आणि त्याने रांग मोडायची नाही.

उभं राहताना एक गोष्ट सांभाळावी लागते. गल्लीच्या तोंडाशी कॉफीवाले, तिळाच्या कडीसारख्या 'काअक' पावाच्या गाड्या, उकडलेली अंडी विकणारे, सिगारेटवाले असतात. त्यांची जागा ठरलेली असते. आपण त्यांच्या गिऱ्हाइकाच्या वाटेत उभे राहिलो तर आपलं तिथलं स्थान पहिल्याच दिवशी बिघडतं. उलट याच माणसांना सगळ्यांत आधी कळतं की आज दार उशिरा उघडलं, काल रात्री काय झालं, कुठल्या खिडकीवर कोण बसलंय.

मोजणी

पलीकडे उभा असलेला माणूस बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकदा बटण दाबतो आणि दर अर्ध्या तासाला आकडा वहीत उतरवतो. यंत्र शून्यावर आणायचं नाही, चढता आकडाच लिहायचा, वजाबाकी घरी करायची. शून्यावर आणताना दोन-चार माणसं निसटतात, आणि चुकून आधीच शून्य केलं तर सगळा अर्धा तास गेला. पुरुष, स्त्रिया आणि मुलं वेगळी मोजायची असतील तर स्त्रिया आणि मुलांसाठी वहीत रेघा मारायच्या. पहाटे चार ते सहा या वेळेत त्यांची संख्या इतकी कमी असते की रेघा पुरतात.

अलीकडचा माणूस बाहेर पडणारे मोजत नाही. त्याचं काम कठीण आहे. त्याने दाराची नोंद ठेवायची: किती वाजता उघडलं, किती वाजता बंद झालं, परत केव्हा उघडलं, कारण सांगितलं का. त्याबरोबर रांगेची लांबी. रांगेतली माणसं मोजता येत नाहीत, म्हणून खुणा ठरवून घेतलेल्या असतात: रांग पहिल्या खांबापर्यंत, वळणापर्यंत, पत्र्याच्या टोकापर्यंत, रस्त्यावर. वहीत ते असं दिसतं:

«४.१० दार उघडं, रांग वळणापर्यंत. ४.२२ दार बंद, कारण सांगितलेलं नाही. ४.३१ दार उघडं. ४.३५ रांग पत्र्याच्या बाहेर. ४.४० मानवतावादी दार बंद, ६ स्त्रिया आणि १ मूल थांबलेले, फोन केला. ४.५३ मानवतावादी दार उघडलं.»

नवख्याला वाटतं यात काही नाही. तो पहिल्या आठवड्यात लिहितो, 'प्रचंड गर्दी, लोकांचे फार हाल.' हे वाक्य कुणाच्याच उपयोगाचं नसतं. लष्कराच्या कार्यालयात ते एका मिनिटात बाजूला सारलं जातं. 'दार ४.२२ ते ४.३१ बंद होतं' हे सारता येत नाही, कारण त्यांच्याकडेही त्या वेळेची नोंद असते. हाल दिसले तर हालांचं मोजमाप लिहायचं: किती मिनिटं, किती माणसं, कुठली खिडकी.

ओलांडायला किती वेळ लागतो हे काढायच्या दोन रीती आहेत. सोपी म्हणजे पलीकडे बाहेर पडणाऱ्याला 'कद्देश अखदत?', किती वेळ लागला, एवढंच विचारायचं. माणूस कामावर पळत असतो, चालता चालता बोटांनी सांगतो. पण दमलेला माणूस वेळ वाढवून सांगतो आणि सवयीचा माणूस कमी करून, म्हणून एका अर्ध्या तासात निदान दहा जणांना विचारायचं आणि मधला आकडा धरायचा. दुसरी रीत नेमकी आहे: अलीकडचा माणूस सहज ओळखू येईल असा एक जण निवडतो, पिवळी टोपी, लाल पिशवी, आणि जोडीदाराला फोन करतो. तो बाहेर पडला की वेळ मिळाली. एका पाळीत असे चार-पाच पुरतात. नाव, गाव काही लिहायचं नाही. टोपीचा रंगसुद्धा अहवालात जात नाही.

सर्वांत मोठी गर्दी रविवारी. इस्रायलचा कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. त्याहून मोठी गर्दी ज्यू सणांच्या बंदीनंतरच्या पहिल्या दिवशी. पेसाख, रोश हशाना, योम किपूर, सुकोत या सणांना वेस्ट बँक पूर्ण बंद करतात आणि परवाने त्या दिवसांपुरते निकामी होतात. पावसाळी पहाटही वाईट, कारण पत्र्याखाली राहायला सगळेच पुढे सरकतात. कुठलाही आकडा वाराशिवाय आणि सणाशिवाय लिहिला तर त्याची तुलना करता येत नाही.

आतून माणूस कसा जातो

गल्ली संपते तिथे लोखंडी फिरतं दार. आत बसलेला सैनिक बटण दाबतो तेव्हा ते फिरतं, काही माणसं आत जातात, मग ते अडकतं. जो अडकला तो दोन गजांच्या मध्ये, पिशवीसकट, पुढचं बटण दाबेपर्यंत. कामगार या दाराला 'माअता' म्हणतात. कोंबडीची पिसं उपटायच्या यंत्राला तोच शब्द आहे. गजांच्या गल्लीला कुठे कुठे 'हल्लाबा' म्हणतात: दूध काढायला गायी एकामागे एक कोंडतात ती जागा. आम्ही कितीही पानं लिहिली तरी त्या जागेचं याहून नेमकं वर्णन आम्हाला जमलेलं नाही.

त्यापुढे धातुशोधक कमान आणि सामानाचा पट्टा. बांधकाम कामगाराच्या बुटाच्या टोकात पोलाद असतं, कमरेला पट्टा असतो, खिशात नाणी. कमान वाजते, मागे जा, बूट काढ, परत ये. म्हणून सरावलेला माणूस फिरत्या दाराच्या आतच पट्टा काढतो आणि दातात धरतो. एका हातात प्लास्टिकच्या पिशवीत भाकरी, लबने म्हणजे घट्ट दही, आणि काकडी, दुसऱ्या हातात ओळखपत्र, आणि पट्टा दातात. तसाच तो कमानीतून जातो, तसाच खिडकीपर्यंत, आणि बाहेरच्या फुटपाथवर एका पायावर उभा राहून बूट घालतो. हत्यारं नेता येत नाहीत. थापी, हातोडा, ओळंबा सगळं पलीकडेच ठेवावं लागतं.

खिडकीवर तीन गोष्टी जुळाव्या लागतात. 'हवीय्या', म्हणजे ओळखपत्र: वेस्ट बँकेच्या माणसाचं हिरव्या पाकिटातलं, जेरुसलेमच्या रहिवाशाचं निळ्या. 'तसरीह', म्हणजे परवाना. आणि मॅग्नेटिक कार्ड, ज्यात हाताचा आणि चेहऱ्याचा ठसा साठवलेला असतो. परवान्यावर तो कशासाठी आहे, कुठे चालतो, किती ते किती वाजेपर्यंत चालतो हे लिहिलेलं असतं. कामाचा नेहमीचा परवाना पहाटे पाच ते संध्याकाळी सातचा. रात्री तिकडे राहणं गुन्हा. बऱ्याच जणांना हा परवाना दलालाकडून मिळायचा आणि त्यासाठी महिन्याला दोन-अडीच हजार शेकेल मोजावे लागायचे. हे सगळं कायद्याबाहेर होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं.

काय बिघडतं

सगळ्यांत जास्त वेळ खातं ते एक साधं कारण: खिडक्या असतात बऱ्याच, उघडलेल्या असतात दोन किंवा तीन. म्हणून आतल्या माणसाने पहिली नोंद करायची ती एवढीच: एकूण खिडक्या किती, उघड्या किती, प्रत्येक अर्ध्या तासाला. गर्दी जास्त होती म्हणून उशीर झाला, असं उत्तर मिळतं तेव्हा हीच ओळ कामाला येते.

मग पाळीबदल. दार काही मिनिटं बंद होतं आणि रांगेला सांगितलं जात नाही. मागच्यांना वाटतं पुढे कुणी तरी अडलंय, ते ढकलतात. पुढच्यांच्या छातीला गज लागतात. पाच मिनिटांत गजांवर चढून वरून पुढे जाणारे सुरू होतात. रांग मोडली की म्हातारे आणि सावकाश चालणारे मागे पडतात, आणि ज्यांनी दार बंद केलं ते सांगतात की लोकच शिस्त पाळत नाहीत. क्रम कुठला होता, आधी दार बंद झालं की आधी ढकलाढकली, हे सांगू शकेल असा त्या वेळी तिथे वहीवाला एकटाच असतो.

हाताचा ठसा न जुळणं हे तिसरं. वीस-वीस वर्षं सिमेंट कालवलेल्या तळव्यावर रेषा राहत नाहीत, कातडी फुटलेली असते. यंत्र नाही म्हणतं. माणूस तळवा शर्टाला पुसतो, थुंकी लावतो, परत ठेवतो. तीनदा नाही म्हटलं की त्याला बाजूला उभं करतात किंवा परत पाठवतात, आणि त्याचा दिवस बुडतो. थंडीत हे वाढतं, म्हणून तापमान लिहिलेलं बरं.

चौथं परवान्याचं. काल नवा झालेला परवाना नाक्याच्या संगणकात आज दिसत नाही. किंवा मालकाने काढून टाकलंय आणि माणसाला खिडकीवरच कळतं. किंवा 'ममनूअ', म्हणजे सुरक्षा विभागाने नाव रोखलेलं. कारण सांगत नाहीत. पोलिसांची वेगळी बंदी असते आणि शाबाक या गुप्तचर संस्थेची वेगळी. दोन्हींविरुद्ध अर्ज वेगळ्या कार्यालयात, वेगळ्या कागदांवर करावा लागतो. माखसोम वॉचच्या काही स्त्रिया वर्षानुवर्षं फक्त हे अर्ज भरून देत आल्या आहेत. परत आलेला माणूस दिसला की आम्ही दोनच गोष्टी विचारतो: खिडकीवर नेमका कुठला शब्द वापरला, आणि कागद दिला का. शब्दावरून बंदी कुणाची ते कळतं आणि अर्ज कुठे करायचा ते ठरतं. त्याने स्वतःहून नंबर दिला तरच घ्यायचा, आणि वहीत नाही, वेगळ्या चिठ्ठीवर.

मानवतावादी दार

स्त्रिया, मुलं, आजारी माणसं, वयस्कर पुरुष, शिक्षक यांनी मुख्य गल्लीतल्या चेंगराचेंगरीत जाऊ नये म्हणून शेजारी एक साधं दार आहे. कल्पना चांगली आहे. पण त्याची किल्ली असलेला सैनिक तिथे असावा लागतो, आणि पहाटे तो बहुधा नसतो. अशा वेळी आधी गजांतून दिसेल त्या सैनिकाला हात करून, सौम्य आवाजात, हिब्रू येत असेल तर हिब्रूत सांगायचं. पाच मिनिटं वाट बघायची. मग मदतकक्षाला फोन. फोनवर गोष्ट सांगायची नाही. नाक्याचं नाव, दार, किती माणसं, किती वेळ थांबलेली, त्यात आजारी किती. उचलणाऱ्याचं उत्तर आणि वेळ लिहायची. दहा मिनिटांनी परत फोन. दुसऱ्या फोनला बऱ्याचदा काम होतं, कारण पहिल्याची नोंद झालेली असते.

डायलिसिसला किंवा किरणोपचाराला निघालेली माणसं याच दाराशी असतात. पूर्व जेरुसलेममधल्या मकासेद आणि ऑगस्टा व्हिक्टोरिया या रुग्णालयांत जे उपचार होतात त्यांतले बरेच वेस्ट बँकेत होत नाहीत. उठता न येणारा रुग्ण असेल तर त्याची रुग्णवाहिका सहसा पलीकडे जाऊ देत नाहीत. पलीकडून पिवळ्या पाटीची रुग्णवाहिका येते, दोन्ही गाड्या पाठीला पाठ लावून उभ्या राहतात आणि स्ट्रेचर उघड्यावर एकीतून दुसरीत सरकवतात. इथे चार वेळा लिहायच्या: पहिली गाडी आली, दुसरी आली, स्ट्रेचर हललं, दुसरी निघाली. रुग्णाकडे बघायचं नाही, घड्याळाकडे बघायचं.

काय करायचं नाही

सैनिकाशी वाद घालायचा नाही. आपण घरी जातो, राग निघतो तो रांगेवर. रांगेतल्या माणसाच्या वतीने बोलायचं नाही, त्याने सांगितलं तरच. कुणाला धरलं, खाली बसवलं तर दिसेल अशा अंतरावर उभं राहायचं आणि वेळ लिहायची. मध्ये पडायचं नाही. निघून जा म्हणाले तर विचारायचं की हा बंद लष्करी भाग जाहीर केलाय का आणि लेखी हुकूम आहे का. तो हुकूम कागदावर, नकाशासह, सहीचा असायला हवा. असेल तर निघायचं. नसेल तर पाच पावलं मागे सरकून तिथेच राहायचं, आणि हे संभाषणही लिहायचं. गणवेश नीट बघून नोंदवायचा: सीमा पोलीस, लष्करी पोलीस की खासगी सुरक्षारक्षक. तक्रार कुणाकडे जाते ते यावर ठरतं, आणि चुकीच्या कार्यालयात गेलेली तक्रार महिनाभराने 'आमच्याकडे नाही' या एका ओळीसह परत येते.

शेतीची दारं

भिंत इस्रायल आणि वेस्ट बँक यांच्यामधल्या १९४९ च्या युद्धविराम रेषेवरून गेलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी समन्वय कार्यालयाच्या, म्हणजे ओचाच्या हिशेबाने ७१२ किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गातला सुमारे ८५ टक्के भाग वेस्ट बँकेच्या आत आहे. म्हणून जय्यूससारख्या गावात घरं अलीकडे आणि ऑलिव्ह, पेरू, काकडीची शेतं पलीकडे राहिली. ऑक्टोबर २००३ पासून भिंत आणि ती रेषा यांच्या मधली उत्तरेकडची पट्टी बंद क्षेत्र आहे. स्वतःच्या शेतात जायला परवाना लागतो आणि त्यावर दाराचा क्रमांक असतो. ऑक्टोबर २०२३ पर्यंत काही दारं रोज उघडायची, काही आठवड्यातून काही दिवस, बरीचशी फक्त ऑलिव्हच्या हंगामात.

इथली मोजणी वेगळी. गर्दी नसते, तीस-चाळीस माणसं, ट्रॅक्टर, गाढवं. दार दिवसातून दोन-तीनदा, पाव तास ते तासभर उघडतं. जीप येते, सैनिक कुलूप काढतो, यादी बघतो, माणसं जातात, कुलूप लागतं. जीप वीस मिनिटं उशिरा आली तरी बंद व्हायची वेळ पुढे जात नाही. नोंद करायची ती जीपची: ठरलेली वेळ, आलेली वेळ, कुलूप निघाल्याची वेळ, लागल्याची वेळ. त्याशिवाय परत पाठवलेले किती आणि का. परवाना बापाच्या नावाचा आहे, मुलाच्या नाही. माणसाला परवाना आहे, ट्रॅक्टरला नाही. दार दुसऱ्या क्रमांकाचं आहे. ऑलिव्हला नांगरट, छाटणी, खत वर्षभर लागतं; हंगामापुरतं दार उघडून झाड फळ देत नाही. वहीत सलग काही वर्षांच्या नोंदी असल्या की हे दिसू लागतं: दार उघडायचे दिवस किती बदलले आणि पलीकडे जाणारी माणसं किती.

यंत्रं आल्यावर

२०१९ मध्ये ३०० आणि रामल्ला-जेरुसलेमच्या मधला कलंदिया या दोन्ही नाक्यांवर नवी दारं बसवली. कार्ड ठेवायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, काचेचं दार उघडतं. दोन-दोन तासांची रांग बऱ्याच दिवशी पंधरा-वीस मिनिटांवर आली. आमच्याच वह्यांत ते स्पष्ट दिसतं, आणि ते तसंच लिहिलं पाहिजे. माणूस दीड तास जास्त झोपला, ही लहान गोष्ट नाही.

पण मोजणाऱ्याचं काम त्यामुळे अवघड झालं. पूर्वी नकार खिडकीवर मिळायचा, सगळ्यांसमोर. आता मोबाईलवरच्या 'अल मुनस्सिक' या लष्करी समन्वय यंत्रणेच्या ॲपवर परवाना दिसेनासा होतो आणि माणूस घरीच राहतो. काचेच्या दारावर लाल दिवा लागला तर विचारायला समोर कुणी नसतं. बाहेर पडणाऱ्यांचा आकडा छान दिसतो आणि न आलेल्यांचा आकडा कुठेच नसतो. तेव्हापासून आम्ही अलीकडच्या बाजूला, काअकवाल्याच्या गाडीजवळ, एक जण फक्त परत येणाऱ्यांसाठी ठेवला.

७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर वेस्ट बँकेतल्या दीड लाखाहून अधिक कामगारांचे परवाने जवळजवळ सगळे थांबवले गेले. वयामुळे परवान्याविना जाऊ शकणाऱ्या ५५ वरच्या पुरुषांची आणि ५० वरच्या स्त्रियांची सवलतही गेली. पहाटे तीनची रांग नाहीशी झाली, तिच्याबरोबर कॉफीच्या गाड्याही. नाके मात्र कमी झाले नाहीत. वेस्ट बँकेतले सगळ्या प्रकारचे अडथळे, नाके, लोखंडी दारं, मातीचे ढीग धरून, ओचाने २०२३ च्या सुरुवातीला ६४५ मोजले होते. २०२५ च्या सुरुवातीला ८४९. वाढलेल्यांत गावांच्या तोंडाशी बसवलेली दारं पुष्कळ आहेत, जी एक सैनिक दोन मिनिटांत लावतो.

त्यामुळे आता मोजणी रस्त्यांवर आहे. टॅक्सीवाले टेलिग्रामच्या गटांत दिवसभर तीन शब्द लिहीत असतात: 'सालिक', वाट मोकळी, 'अझ्मे', गर्दी, 'मुसक्कर', बंद. हे वाचून निघायचं, पण वहीत त्याची नोंद 'ऐकीव' म्हणून वेगळ्या रकान्यात करायची आणि स्वतः दारापाशी उभं राहून खात्री झाल्यावरच मुख्य रकान्यात. दार बंद असेल तर अलीकडे उतरलेली आणि पायी पलीकडे जाऊन दुसरी टॅक्सी धरलेली माणसं मोजायची, दुसऱ्या टॅक्सीचं भाडं विचारायचं, आणि वळसा घालून गेलेल्या एका चालकाला किलोमीटर विचारायचे. शाळेच्या वेळेला मुलं किती उशिरा पोचली ते शिक्षक सांगतात. ते त्यांच्या हजेरीपटावरून घ्यायचं, अंदाजाने नाही.

पाळी संपली की त्याच दिवशी, जेवणाआधी, वही संगणकात उतरवायची. दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत तर सरासरी काढायची नाही. दोन्ही वेळा लिहायच्या आणि कोण कुठे उभं होतं ते लिहायचं. शिसपेन्सिलीची मूळ पानं फाडायची नाहीत. कधी तरी, कुठल्या तरी सुनावणीत, ४.२२ ते ४.३१ दार खरंच बंद होतं का असं कुणी विचारतं, आणि तेव्हा पावसाने फुगलेलं ते पान समोर ठेवता येतं.